पडदा कोणी पाडायचा?

गेल्या डिसेंबरात बेळगावातील एका नृत्यवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमास उपस्थित राहण्याचा प्रसंग आला. आमच्या एका स्नेह्यांची साडेपाच वर्षांची मुलगी त्या दिवशी प्रथमच रंगमंचावर पाऊल ठेवणार होती. तिच्या आजी, मूळच्या गोव्याच्या, आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पडदा वर गेला. सहा मुली अरैमंडीत उभ्या राहिल्या, गुरूंनी विंगेतून ‘तै या तै’ म्हणत लाकडी ठोकळ्यावर ठेका धरला, आणि पाच मुलींचे पाय एकदम जमिनीवर पडले. सहावी मात्र तशीच उभी राहिली. तिचे हात कमरेवर होते, गुडघे वाकलेले होते आणि डोळे विंगेकडे लागले होते. मग तिची हनुवटी थरथरू लागली आणि काजळ गालावर उतरले.

पुढे जे घडले ते सांगण्यासाठी हा लेख आहे. सभागृहातून एक कौतुकाचा हुंकार उठला, ‘किती गोड!’ असे शब्द चारपाच ठिकाणांहून ऐकू आले, आणि अंधारात चाळीसेक मोबाईल वर झाले. वर्गाने मानधन देऊन आणलेला छायाचित्रकार आपली कोपऱ्यातली जागा सोडून रंगमंचाच्या अगदी कडेशी आला, गुडघे टेकून बसला, आणि पाच मुलींवरून कॅमेरा काढून त्याने तो सहावीवर रोखला. प्रकाशाचा पांढरा लोळ उठला. मुलीने आळत्याने रंगवलेले दोन्ही तळवे डोळ्यांवर घेतले. त्याने तेही टिपले. आजी खालच्या आवाजात ‘भियेवं नाका गो, बाय’ असे म्हणत होत्या. परंतु ते शब्द तिथवर पोहोचणे शक्य नव्हते. अखेर वरच्या वर्गातील एका मोठ्या मुलीने आत येऊन तिला उचलून नेले.

वकिली शिरस्त्याप्रमाणे आमचे हितसंबंध आरंभीच उघड करतो. त्या चाळीस मोबाईलांत एक आमचाही होता. तो केव्हा खिशातून निघाला आणि केव्हा वर गेला हे आम्हांला आजही आठवत नाही. तेव्हा हा लेख फिर्यादीचा असला तरी लिहिणारा आरोपींपैकीच एक आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ते छायाचित्र त्याच रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आले. सकाळपर्यंत ते गावातील निम्म्या मराठी घरांत पोहोचले होते. कोणीतरी त्याखाली एक विनोदी ओळ लिहिली आणि चित्राबरोबर ती ओळही फिरू लागली. जानेवारीत एका हौशी प्रदर्शनात त्या चित्रास बक्षीस मिळाले. फेब्रुवारीत एका लग्नात दूरच्या नात्यातील एका बाईंनी मुलीच्या हनुवटीला हात लावून, ‘ती रडकी नर्तकी ती हीच का?’ असे विचारले. मुलगी आजीच्या पदराआड गेली आणि पंगत उठेपर्यंत तेथून बाहेर आली नाही. विचारणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. छायाचित्रकार सज्जन गृहस्थ आहेत. मुलीचे आईवडील तिच्यावर जीव टाकतात. म्हणूनच हा प्रश्न गंभीर आहे. दुष्ट माणसांनी केलेल्या अपराधाचा बंदोबस्त करता येतो. सज्जनांनी कौतुकाने केलेल्या अपराधाला अपराध म्हणण्यासही कोणी तयार नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: भीतीची गोष्ट सांगण्याचा पहिला हक्क भ्यालेल्या माणसाचा आहे. ती सांगायची की नाही, कोणाला सांगायची, कोणत्या वयात आणि कोणत्या शब्दांत सांगायची, हे त्याने ठरवायचे. साडेपाच वर्षांच्या मुलीला ते शब्द अजून यायचे असतात. तिला शब्द येण्यापूर्वीच तिची गोष्ट चित्रातून सांगून टाकणे म्हणजे तिच्या मालकीची वस्तू तिच्या नकळत उचलणे होय.

आमच्या व्यवसायातील सर्वांत प्रसिद्ध सभाभीतीचे उदाहरण येथे आठवते. १८९१ साली विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात आपल्या पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची होती. त्यांचे पाय कापू लागले, डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, दुसरा वकील करा व फी परत घ्या असे त्यांनी सांगितले, आणि खटल्याचा निकाल काय लागतो हे पाहण्यासही न थांबता ते कोर्टाबाहेर पडले. हा प्रसंग आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण तो कसा ठाऊक झाला? तीसहून अधिक वर्षांनी, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी तो स्वतः आपल्या आत्मकथेत लिहिला म्हणून. तेथे तो नामुष्कीचा प्रसंग राहिला नाही. एका माणसाच्या घडणीचा एक टप्पा झाला. त्या दिवशी कोर्टात कोणी चाळीस कॅमेरे रोखले असते, संध्याकाळी ते चित्र मुंबईभर आणि आठवड्याभरात राजकोटपर्यंत गेले असते, तर सत्य तेच राहिले असते. परंतु ते सांगणारा तो माणूस राहिला नसता. आमचा सारा आक्षेप या एका भेदावर उभा आहे.

आता प्रतिपक्षाचे युक्तिवाद पाहू. पहिला युक्तिवाद आठवणीचा. ‘मोठेपणी हे चित्र पाहून ती स्वतःच हसेल,’ असे आम्हांला सांगण्यात आले. हसेलही. परंतु निसर्गाने बालकाला एक मोठी देणगी दिलेली आहे आणि तिचे नाव विस्मरण. आयुष्याच्या पहिल्या तीनचार वर्षांतील जवळजवळ काहीच प्रौढपणी आठवत नाही, आणि त्यापुढच्या काही वर्षांतीलही थोडेच राहते. पडलो, रडलो, चुकलो, घाबरलो हे सारे त्यात बुडून जाते, म्हणून तर मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने चालू लागते. आमचा कायदाही ही गोष्ट ओळखतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांनी मुदतबाह्य होतो. सावकारालाही मग कोर्टात उभे राहता येत नाही. कर्जबुडव्याला जी सवलत आहे ती एका पाऊल चुकलेल्या मुलीला नसावी काय? छायाचित्राला मुदत नाही. ते दहा वर्षांनी, तिच्या शाळेत, तिच्या शत्रूच्या हाती, पहिल्या दिवसाइतकेच ताजे असेल.

दुसरा युक्तिवाद धीटपणाचा. मुलांना असे थोडे चिडवले, त्यांची थोडी फजिती केली, तर ती धीट होतात, असा आपल्या समाजात फार जुना समज आहे. आम्हांला तो मुळीच मान्य नाही. भीती कशाची असते? अंधाराची नव्हे, संगीताची नव्हे, पाऊल चुकण्याचीही नव्हे. सर्वजण आपल्याकडे पाहत आहेत, याची ती भीती असते. रंगमंचावर दिव्यांच्या झोतात उभे राहिले असता प्रेक्षक दिसत नाहीत, हे ज्याने एकदा तोंडाला रंग लावला आहे तो जाणतो. तेथे समोर केवळ काळोख असतो, आणि त्या काळोखाचा नवख्या नटाला आधारही वाटतो. त्या काळोखात चाळीस चौकोन एकाएकी उजळले आणि ते सर्व आपल्याकडेच वळलेले आहेत असे त्या मुलीने पाहिले. ज्या गोष्टीची तिला भीती होती तीच आपण चाळीस पटींनी वाढवून तिच्या डोळ्यांपुढे धरली. हा धीटपणाचा धडा नव्हे. ‘तुझी भीती अगदी खरी होती’ ही तिला दिलेली ग्वाही आहे.

तिसरा युक्तिवाद कलेचा, आणि सुशिक्षित माणसे तो विशेष आवडीने मांडतात. ‘चित्रात भावना किती अस्सल आहे पाहा,’ असे प्रदर्शनातील एका रसिकाने आम्हांला सांगितले. या ठिकाणी आपल्याच परंपरेचा आधार घेणे योग्य ठरेल. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. त्या मुलीच्या ठायी त्यांतील स्तंभ, वेपथू, वैवर्ण्य आणि अश्रू असे निदान चार एकाच वेळी प्रकट झाले होते. हेच भाव हुबेहूब दाखविता यावेत म्हणून नर्तकी वर्षानुवर्षे साधना करते. परंतु जिला ते दाखवायचे असतात ती त्या भावांची स्वामिनी असते. या मुलीवर ते चालून आले होते. नाटकातील भय पाहून आपल्याला आस्वाद मिळतो तो अशासाठी की ते भय कोणा एकाचे राहत नाही. साधारणीकरण म्हणतात ते हेच. ज्या भयाला नाव आहे, घर आहे, आजी आहे, ज्याच्या गालावरून खरे काजळ ओघळते आहे, ते भय रस नव्हे. ते दुःख आहे, आणि समोरच्या दुःखाची चव घेत बसणाऱ्याला आपल्या शास्त्राने कधी रसिक म्हटलेले नाही. उलट, त्याच नाट्यशास्त्राने उत्तम प्रेक्षकाचे लक्षण असे सांगितले आहे की तो हर्ष पाहून हर्षित होतो आणि शोक पाहून शोक करतो. त्या कसोटीला त्या दिवशी सभागृहात एकच प्रेक्षक उतरला. त्या आजी होत्या, आणि त्यांच्या हातात मोबाईल नव्हता.

कोणी म्हणेल, मग दुःखाचे चित्र कधीच घेऊ नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जना यांनी घेतलेली छायाचित्रे नसती तर तो दुष्काळ देशाच्या दुसऱ्या टोकाला केवळ बातमी म्हणून पोहोचला असता. त्या चित्रांतही मुले आहेत आणि त्यांचीही संमती कोणी घेतलेली नाही. परंतु ती चित्रे त्या मुलांच्या वतीने साक्ष देतात; त्यांतील आरोपी दुसरेच कोणी आहेत. बेळगावच्या चित्रातील मुलीच्या वतीने कोण साक्ष देत आहे? तेथे तिच्याखेरीज कोणावरच बोट रोखलेले नाही. साक्षीपुरावा आणि करमणूक यांत फरक करता येऊ नये इतके आपण भोळे नाही.

चौथा युक्तिवाद पालकांच्या हक्काचा. ‘आमची मुलगी, आमचा फोटो; तुम्ही कोण विचारणारे?’ हा युक्तिवाद कायद्याच्या भाषेत येतो म्हणून त्याला कायद्याच्याच भाषेत उत्तर देतो. गोव्याची दिवाणी संहिता वेगळी आहे. परंतु बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील बहुसंख्य वाचकांना १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे अज्ञान मुलाच्या मालकीची स्थावर मिळकत बापाला कोर्टाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, इतकेच काय बक्षीसही देता येत नाही. चार गुंठे जमीन ज्या बापाला कोर्टाला विचारल्याशिवाय कोणाला देता येत नाही, तो बाप मुलीचा रडवेला चेहरा हजार लोकांना एका बोटाने वाटून टाकतो. म्हणजे मुलीच्या चेहऱ्यापेक्षा तिची जमीन अधिक मोलाची, असे आपण ठरविले आहे काय?

आणखी एक विसंगती पाहा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे, ज्या बालकावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याचे नाव, शाळा, पत्ता वा चित्र प्रसिद्ध करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. हे अत्यंत योग्य आहे. मुलाच्या एका चुकीने त्याचे सारे आयुष्य डागाळू नये, हा त्यामागील विचार आहे. पण त्याचा परिणाम असा की चोरीचा आरोप असलेल्या मुलाचा चेहरा झाकलेला राहतो आणि ज्या मुलीने केवळ एक अडवू विसरला तिचा चेहरा गावभर फिरतो. तिने चोरी केली असती तर कायदा तिच्या मदतीला आला असता!

बालकांच्या हक्कांविषयीचा राष्ट्रसंघाचा करार १९८९ सालचा. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खासगीपणाला आणि प्रतिष्ठेला संरक्षण आहे, आणि बाराव्यात त्याचे मत ऐकून घेण्याचे बंधन आहे. २०१७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती आवश्यक ठरविली. यातील गोम आमच्या वाचकांच्या लक्षात आली असेलच. कायद्याने मुलाच्या दारावर पहारेकरी म्हणून पालकाला उभे केले. पहारेकरीच दार उघडून हाका मारू लागेल ही कल्पना त्याला आलीच नाही. शिवाय घरगुती कारणासाठी व्यक्तीने हाताळलेली माहिती त्याने कक्षेबाहेरच ठेवली. फ्रान्समध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत कायदा होऊन मुलाच्या प्रतिमेचे रक्षण हे आईवडिलांच्या कर्तव्यांत स्पष्टपणे घातले गेले. आपल्याकडे तसा कायदा व्हावा की नाही यावर मतभेद होऊ शकतील. परंतु प्रत्येक लाजेसाठी कायद्याची वाट पाहणारा समाज सुसंस्कृत म्हणविण्यास पात्र नाही, याविषयी मतभेद होऊ नये.

कारण या बाबतीत आपल्या रंगभूमीला कायद्यापेक्षा अधिक शहाणपण होते. गोव्यातील देवळांच्या उत्सवांत आणि सीमाभागातील गावांच्या जत्रांत हौशी नाटके पाहिलेल्यांना हे सांगावयास नको. तेथे नट अडखळला की विंगेतला प्रॉम्प्टर शब्द पुरवी, पेटीवाला आपणहून स्वर लांबवी, समोरचा सहनट त्याचेही वाक्य आपल्याच वाक्यात ओढून घेई, आणि काहीच चालेनासे झाले म्हणजे पडदा ओढणारा माणूस कोणाच्या हुकमाची वाट न पाहता दोरी सोडी. ही सारी व्यवस्था भीतीसाठीच होती. माणूस भिणारच, हे गृहीत धरून तिची रचना झालेली होती. भरतनाट्याच्या मार्गाचा आरंभ अलारिप्पूने होतो, यातही हीच समज आहे. तंजावरच्या मराठी राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या, आश्रयाखाली चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू या चार बंधूंनी या मार्गाची बांधणी केली. अलारिप्पू म्हणजे उमलणे. त्यात कथा नाही, अभिनय नाही. डोळे, मान, खांदे, हात, पाय क्रमाक्रमाने मोकळे होत जातात. कळी एकदम उघडत नाही, हे त्यांना ठाऊक होते. कळी उघडत नाही म्हणून तिच्यावर झोत टाकून तिचे चित्र काढण्याची कल्पना मात्र त्यांना सुचली नसती.

छायाचित्राला पडदा नाही. रंगभूमीने शतकानुशतके जपलेली ती एक दोरी आपण कापून टाकली आहे.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही पैसा लागत नाही. दहा वर्षांखालील मुलांचा प्रवेश चालू असता सभागृहात मोबाईल वर होऊ नयेत, असे गुरूंनी पडद्यापूर्वीच जाहीर करावे. वर्गाचा एक छायाचित्रकार मागच्या भिंतीशी, प्रकाशाच्या लोळाविना उभा असावा. मूल गोंधळले की त्याचा कॅमेरा खाली जावा, आणि तशी चित्रे चुकून निघाली तर ती गटावर, स्मरणिकेत अथवा प्रदर्शनात जाऊ नयेत. गुरूंनी अशा वेळी विंगेत न थांबता सरळ रंगमंचावर यावे. शिष्येचा हात धरून दोन अडवू नाचल्याने कोणाही गुरूची प्रतिष्ठा कमी झालेली नाही. आणि प्रत्येक चित्र बाहेर धाडण्यापूर्वी त्या मुलाला ते दाखवून ‘हे पाठवू का?’ एवढे तीन शब्द विचारावेत. पाच वर्षांच्या मुलाला करार करता येत नाही हे आम्ही जाणतो. परंतु ‘नको’ म्हणता येते, आणि ते ‘नको’ कोणत्याही वटमुखत्यारपत्राहून अधिक बंधनकारक आहे.

बक्षीस देणाऱ्या परीक्षकांना आणि स्मरणिकांच्या संपादकांना वेगळी विनंती आहे. जोवर रडणारे मूल बक्षीस मिळवून देते, तोवर छायाचित्रकार गुडघे टेकून तेथे बसणारच. मागणी थांबली की पुरवठा आपोआप थांबेल.

राहता राहिला आमच्या मोबाईलातील पुरावा. लग्नाच्या पंगतीनंतर आम्ही त्या आजींकडे गेलो आणि मुलीलाच जवळ बोलावून विचारले, ‘तुझा एक फोटो आमच्याकडे आहे, तो ठेवू की काढून टाकू?’ तिने तो पाहण्यास मागितला. बराच वेळ पाहिला. मग स्वतःच्या बोटाने तो पुसून टाकला आणि विचारले, ‘बाकीच्यांकडे पण आहे का?’

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही. उरलेल्या एकोणचाळीस जणांनी ते द्यावे.